चिठ्ठी आत, लिहिणारा बाहेर: पहिली-दुसरीच्या शनिवारच्या नोंदी

२८ जून २०२५, शनिवार

शनिवारी दप्तर नसतं. परिपाठ आटोपल्यापासून खिचडीची घंटा होईपर्यंतचा वेळ पहिली-दुसरीच्या मुलांना अल्गोरिदमची ओळख करून देण्यासाठी वापरायचा, असं सरांशी बोलून पक्कं केलं. शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. संगणक एकच आहे, कपाटाशेजारी टॉवेल पांघरून बसलेला. त्याला हात लावायची गरज नाही.

मुलांना सांगायचं एवढंच: एखादं काम पायरीपायरीने असं मांडायचं की दुसऱ्या कुणीही ते जसंच्या तसं केलं तरी पार पडलं पाहिजे. अल्गोरिदम हे नाव नंतर कधीतरी सहज येऊ दे. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या अभ्यासक्रमात ते नावानिशी आहे. अल्गोरिदम म्हणजे काय, आणि नेमक्या, एकच अर्थ निघणाऱ्या सूचनांवर प्रोग्रॅम कसा चालतो, हे त्या वयात समजावं अशी तिथली अपेक्षा. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग सहावीपासून पुढे येतं. पण संगणकीय विचाराची सुरुवात पायाभूत स्तरापासूनच, कोडी आणि खेळ यांतून करावी असं त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे पहिलीत खेळायला कागदोपत्रीही अडचण नाही.

सामान: जुन्या लग्नपत्रिका (कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या करायला), खडू, रांगोळी, रबरबँडची पुडी. पत्रिकांना तोटा नाही. मे महिना नुकताच सरलाय.

५ जुलै, शनिवार

उद्या आषाढी. आज दिंडी. अर्धी शाळा विठोबा, अर्धी रखुमाई. खेळ नाही.

१२ जुलै, शनिवार

भेळ.

मोठ्या माणसाने यंत्रमानव व्हायचं आणि मुलांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट शब्दशः करायची, हा खेळ जगभर चालतो. मला तो फारसा रुचत नाही. बाईंनी सोलल्याशिवाय अख्खा कांदा पातेल्यात टाकला की जो हशा पिकतो, त्या हशासाठीच मुलं पुढची सूचना मुद्दाम वेडीवाकडी देतात. तमाशा छान होतो, सूचना मात्र सुधारत नाहीत. म्हणून आज मी काहीच केलं नाही. स्वयंपाकाच्या ताईंनी कांदा, टोमॅटो, कोथिंबीर चिरून दिली, चिंचेचं पाणी करून दिलं. मुलांनी एकेका चिठ्ठीवर एकेक गोष्ट काढली (पहिलीच्यांनी चित्र, दुसरीच्यांनी शब्द), दोन गटांनी आपापल्या चिठ्ठ्या ओळीने मांडल्या आणि त्या ओळीप्रमाणे भेळ केली.

एका गटाची ओळ कुरमुरे, चिंचेचं पाणी, कांदा, टोमॅटो, फरसाण, कोथिंबीर, "ढवळ" अशी. दुसऱ्याची कुरमुरे, फरसाण, कांदा, टोमॅटो, चिंचेचं पाणी, "ढवळ", कोथिंबीर. पहिल्या गटात सात-आठ जणांनी आपापल्या मुठीने कांदा घालेपर्यंत कुरमुऱ्यांचा लगदा झालेला. चव तीच, पण कुरकुरीत काही उरलं नव्हतं. पाणी शेवटाकडे हवं, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

मला जास्त आवडला त्यापुढचा प्रश्न. कांदा आधी की टोमॅटो आधी? यावर भांडण जुंपलं. मग दोन वाट्यांत दोन्ही प्रकारे करून डोळे मिटून खायला दिलं. कुणालाच ओळखता आलं नाही. तेव्हा ठरलं की ज्या चिठ्ठ्यांची अदलाबदल चालते त्या एका रबरबँडमध्ये राहणार, आणि जिची जागा ठरलेली आहे ती चिठ्ठी सुटी. कांदा-टोमॅटो-फरसाण एका रबरात, पाणी त्यांच्या मागे. क्रम महत्त्वाचा असतो हे सगळेच शिकवतात. कुठे तो महत्त्वाचा नसतो हेही कळायला हवं. खऱ्या संगणकातही ज्या कामांचा क्रम बदलला तरी चालतं, ती एकाच वेळी वेगवेगळ्या भागांवर सोपवता येतात. मुलांच्या भाषेत: कांदा तू टाक, टोमॅटो मी टाकतो.

१९ जुलै, शनिवार

पाऊस. व्हरांड्यातच खेळलो. तिथली शहाबादी फरशी म्हणजे आयता चौकटींचा पट. फरश्या सगळ्या एका मापाच्या नाहीत, पण सहा वर्षांच्या मुलाचं पाऊल कुठेही मावतं.

तीन प्रकारच्या चिठ्ठ्या: "पुढे", "उजवीकडे वळ", "डावीकडे वळ". दारापासून घंटेपर्यंत जायचं. एक जण सांगणार, एक जण चालणार.

पहिला घोळ अपेक्षेप्रमाणे वळण्यात. "उजवीकडे वळ" म्हटलं की निम्मी मुलं वळतात आणि एक फरशी पुढेही जातात. मोठी माणसंही तेच करतात. रस्ता सांगताना "पुढे डावीकडे वळा" म्हणजे वळून चालत राहा, असंच आपण धरतो. इथे मात्र वळणं म्हणजे जागच्या जागी तोंड फिरवणं, आणि चालण्यासाठी वेगळी चिठ्ठी. सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा केली. तिच्यात आज्ञांवर चालणारं एक कासव असतं, त्याचंही असंच: पुढे जाणं वेगळं, वळणं वेगळं. आजकाल इंग्रजी शाळांत मधमाशीच्या आकाराचं बी-बॉट नावाचं खेळणं दिसतं. तेही एका आज्ञेला १५ सेंटिमीटर सरकतं आणि वळतं ते जागेवरच. दोन कामं सुटी ठेवली की थोड्या चिठ्ठ्यांत कुठलाही रस्ता बसतो.

दुसरा घोळ खोल आहे. सांगणारा घंटेपाशी उभा, चालणाऱ्याकडे तोंड करून. तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघून "उजवीकडे" म्हणतो, चालणारा बरोब्बर उलट्या बाजूला जातो, आणि दोघंही आपलंच खरं करतात. उजव्या मनगटात रबरबँड अडकवून उजवा कुठला हे कळतं. समोरच्याचा उजवा कुठला हे त्याने कळत नाही. स्वतःचं डावं-उजवं आधी पक्कं होतं आणि समोरच्याचं साधारण आठव्या वर्षाच्या सुमाराला, हे जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांना विचारून विचारून दाखवलं होतं. त्यांचाच तीन डोंगरांचा प्रयोगही प्रसिद्ध आहे. टेबलावर तीन डोंगरांची प्रतिकृती, आणि पलीकडे बसलेल्या बाहुलीला काय दिसतं ते मुलाने सांगायचं. लहान मुलं स्वतःला दिसतं तेच सांगतात. पॅपर्ट याच पियाजेंबरोबर १९५८ ते १९६३ काम करत होते. कासवाची आज्ञा कासवाच्या नजरेतून द्यायची, हे तिथून आलं असेल तर नवल नाही.

दुसरीतल्या एका मुलीने आज आपणहून तोडगा काढला. प्रत्येक आज्ञेआधी ती चालणाऱ्याकडे पाठ करायची, त्याचं तोंड जिकडे तिकडे आपलं तोंड, मग रबरबँडचा हात बघायचा आणि मगच बोलायचं. चालणारा वळला की ही पण वळायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाकीच्यांनी "ही सारखी गरगर का फिरते?" म्हणून हसून घेतलं. तिचा मित्र मात्र न चुकता घंटेपाशी पोचला आणि त्याने घंटा इतक्या जोरात बडवली की तिसरी-चौथी खिचडीसाठी ताटल्या घेऊन बाहेर आली.

२२ जुलै, मंगळवार

केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत हे थोडं सांगितलं. "संगणक नसताना कोडिंग कसलं?" असा एक प्रश्न आला. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल, त्यांचे सहकारी इयन विटन आणि माइक फेलोज यांनी १९९० च्या दशकात संगणकाशिवाय संगणकशास्त्राचे खेळ रचले. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेची सीएसपाठशाला २०१६ पासून शाळांसाठी याच वाटेने काम करते, असं सांगितलं. प्रश्न विचारणाऱ्यांचं समाधान झालं की नाही, कोण जाणे. दुसरा प्रश्न "हे नोंदवहीत कुठल्या रकान्यात धरायचं?" हा होता, आणि तो जास्त खरा होता. मी गणितात धरते.

२६ जुलै, शनिवार

आजपासून एकच नियम, आणि माझ्या मते बाकी सगळं त्यावर उभं आहे: चिठ्ठी आत, लिहिणारा बाहेर.

आतापर्यंत सांगणारा समोर होता. समोर असला की तो फक्त सांगत नाही. बोट दाखवतो, भुवया उडवतो, "आँ… आँ… तिकडं नाही रे" करतो, आणि चालणारा चिठ्ठीपेक्षा त्याच्या तोंडाकडेच बघतो. काम पार पडतं खरं, पण ते मित्राने, चिठ्ठीने नव्हे. म्हणून चिठ्ठ्या ओळीने लावून झाल्या की लिहिणाऱ्याने वर्गात जाऊन बसायचं, दार लोटायचं. चालणारा सरांच्या तिसरीतला, आणि कुठे पोचायचं आहे हे त्याला सांगायचं नाही. हे दुसरं कलम तितकंच गरजेचं. "घंटेपर्यंत जायचंय" हे ठाऊक असलं की हुशार मूल दोन चिठ्ठ्या गाळूनही घंटा गाठतं. समजूतदार मित्र या खेळात अगदी निरुपयोगी.

अडलं की चालणाऱ्याने बोलायचं नाही. ज्या चिठ्ठीवर अडलं तिच्यावर लाल खडूची रेघ मारायची आणि बाजूला व्हायचं. लिहिणारा बाहेर येतो, रेघ बघतो, दुरुस्ती करतो, पुन्हा आत जातो. चालणारा पुन्हा दारापासून सुरू करतो. दारापासून! यावर फार कुरकुर झाली. सगळ्यांना अडलं तिथूनच पुढे जायचं असतं. पण एका गटाने अडलेल्या चिठ्ठीच्या मागची एक "पुढे" काढून टाकली, आणि त्यामुळे पुढचं वळण एक फरशी अलीकडे आलं. दारापासून सुरू केलं तेव्हा चालणारा सरळ खांबावर. मधूनच सुरू केलं असतं तर हे दिसलंच नसतं.

पहिलीतला एक रडवेला होऊन आला.

"बाई, त्याला कळत कसं नाही? मी सांगितलंय की!"

"कुठं सांगितलंयस, दाखव बरं."

त्याने चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं. एकदा. परत एकदा. मग म्हणाला, "हे मी मनात सांगितलं होतं."

कोऱ्या पत्रिकेचा एक तुकडा घेतला, त्यावर बाण काढला आणि मधे सरकवला. मी काही बोलले नाही. काय बोलणार?

लाल रेघ म्हणजे चूक नव्हे, काम कुठे अडलं त्याचा पत्ता, हे मुलांनी फार पटकन घेतलं. दुपारी निघताना दोघं जण एकमेकांना "तुझी रेघ कुठं?" असं विचारत होते, गणितात किती गुण मिळाले विचारावं तशा उत्सुकतेने.

२ ऑगस्ट, शनिवार

श्रावण. ठिपक्यांची रांगोळी.

आपल्याकडे घरोघरी चालणारा हा अल्गोरिदम आहे, आणि तो लिहायची पद्धत इतकी आटोपशीर की बघत राहावं. "पाच ते तीन" एवढं म्हटलं की जिला कळतं तिला सगळं कळतं: मधल्या ओळीत ५ ठिपके, मग दोन्ही अंगांना ४, मग ३, थांबा. एकूण १९. गंमत म्हणजे तमिळनाडूतल्या कोलमकडे संगणकशास्त्रज्ञांनी फार आधी लक्ष दिलं. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातले गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृथिवासन यांनी चित्र घडवणाऱ्या नियमांचं व्याकरण म्हणून कोलमचा अभ्यास १९७४ मध्ये छापला.

आज दुसरीने लिहायचं, सरांच्या वर्गाने काढायचं. दुसरीच्या गटाने चिठ्ठी लिहिली: "५ ठिपके. खाली ४. त्याच्या खाली ३. वर ४. त्याच्या वर ३." चिठ्ठीच्या दोन प्रती करून दोन जोड्यांना दिल्या, एक मुलींची, एक मुलांची. मुलींनी बघता बघता सुबक षटकोन उमटवला. मुलांनी पाचांच्या बरोब्बर खाली, डावीकडून सुरू करून, चार ठिपके सरळ रेषेत काढले, त्याखाली तीन, वरही तसंच. एक बाजू सपाट, दुसऱ्या बाजूला टोक. कापलेल्या सामोश्यासारखं काहीतरी.

दोघांनीही चिठ्ठी जशीच्या तशी पाळली होती! मुलींनी घरी आईबरोबर रांगोळी काढलेली, त्यांना ठिपका दोन ठिपक्यांच्या मधे येतो हे चिठ्ठीत नसतानाही ठाऊक होतं. मुलांना नव्हतं. (मुलांनाही रांगोळी यायला हवी हा वेगळा विषय, तो मी पालक सभेत काढणार आहे.) पायरी केवढी मोठी असावी याचं एकच उत्तर नसतं, ते करणाऱ्याला काय येतं यावर ठरतं. आईला "पाच ते तीन" पुरतं, या दोघांना पुरत नाही. आणि लिहिणारा बाहेर बसला असल्यामुळे त्याने हा विचार आधीच करून ठेवायला हवा.

दुरुस्ती करायला दुसरीला बराच वेळ लागला. "मधे" लिहिलं तर कशाच्या मधे? शेवटी: "वरच्या दोन ठिपक्यांच्या मधे, खाली, एक ठिपका. असं सगळ्या ओळीत." हे फारच छान झालं. कारण आता "४" आणि "३" लिहायची गरजच उरली नाही. पाचांच्या मधल्या जागा चार, चारांच्या मधल्या तीन. एक मुलगा म्हणाला, "बाई, मग पुन्हा तेच, पुन्हा तेच एवढंच लिहू?" लिहा म्हटलं. लूप, म्हणजे तीच पायरी पुन्हा पुन्हा, वर्गात आला तो असा.

आणि लगेच त्याच्या पाठोपाठ व्हायचं तेच झालं. "पुन्हा तेच" कधी थांबायचं हे चिठ्ठीत नव्हतं. काढणारे ३ वर थांबले नाहीत. २ काढले, १ काढला, आणि मग मधे जागाच नाही म्हणून थांबले. वरच्या अंगालाही तसंच. १९ ऐवजी २५ ठिपके. मला ते बघून आनंदच झाला, कारण ती बिघडलेली रांगोळी नव्हती, ती सरळसरळ पाच ते एकची रांगोळी होती, शंकरपाळ्याच्या घाटाची. चिठ्ठीला थांबायची पायरी जोडली: "३ ठिपके झाले की बस." दुसरीच्या अक्षरात "बस" खाली दोन रेघा.

९ आणि १६ ऑगस्ट

राखी, मग गोपाळकाला. दोन्ही शनिवार सुट्टीचे.

२३ ऑगस्ट, शनिवार

कँटरबरीवाल्यांचा एक खेळ: जमिनीवर रेघा आणि भेटीची वर्तुळं आखून मुलांनाच क्रमाने लावायचं. त्यांचा मूळ पट सहा जणांचा आहे, त्यात बारा भेटी लागतात. आम्ही चौघांचा घेतला. त्याला पाच भेटी पुरतात, तीन टप्प्यांत. पत्र्याच्या शेडमध्ये रांगोळीने आखला. डावं-उजवं टाळलं. एका अंगाला हातपंप, दुसऱ्या अंगाला फाटक. हातपंपाकडून वाट १, २, ३, ४. प्रत्येक वर्तुळात दोघं भेटतात, हातातल्या पत्रिकेवरचा आकडा दाखवतात, लहान आकडा हातपंपाच्या बाजूच्या वाटेने जातो, मोठा फाटकाच्या बाजूच्या.

पहिल्या टप्प्यात वाट १-२ ची भेट आणि ३-४ ची. दुसऱ्यात १-३ आणि २-४. तिसऱ्यात फक्त २-३.

चौघांच्या हातात हातपंपाकडून ७, २, ९, ४. पहिल्या टप्प्यानंतर २, ७, ४, ९. दुसऱ्यात कुणी हललं नाही. तिसऱ्यात ७ आणि ४ ची अदलाबदल झाली आणि ओळ लागली: २, ४, ७, ९. मग दुसरे आकडे, दुसरी मुलं, मग उंची, मग वाढदिवसाचा महिना. प्रत्येक वेळी लागतेच. पहिलीतली मुलंही यात बरोबरीने खेळली, कारण प्रत्येकाला फक्त समोरच्या एकाशी ताडून बघायचं असतं. पूर्ण ओळ कुणालाच बघावी लागत नाही, आणि रेघा आखणारी मी तर पायरीवर बसून चहा पीत होते.

खेळ संपत आला तेव्हा गरगर फिरणाऱ्या त्याच मुलीने विचारलं, "उलटं चाललं तर?" म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे, नियम तेच. बाकीच्यांचं मत: होणारच की, रेघा त्याच आहेत.

तेच चौघं, तेच ७, २, ९, ४. आधी मधली भेट २-३: दोन आणि नऊ, ठीक आहेत. मग १-३: सात आणि नऊ, ठीक. २-४: दोन आणि चार, ठीक. मग १-२: सात आणि दोन बदलले. ३-४: नऊ आणि चार बदलले. बाहेर पडले ते २, ७, ४, ९. सातवाला आणि चारवाला एकमेकांकडे बघतायत. दोघांनीही काहीच चुकवलेलं नाही. पुन्हा चालून बघितलं. परत तेच.

मग ४, २, ९, ७ घेऊन उलटं चालले, तर ओळ लागली! म्हणजे उलटा पट कधी चालतो, कधी नाही. "मग तो नाही चालत," असं तिसरीतला एक जण म्हणाला. दुसरी मान्य करेना, "चालतोय की कधीकधी." सर मधे पडले नाहीत, मीही पडले नाही. खिचडी गार होत होती.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. शनिवारचा वाद अजून चालू आहे. सकाळी शेडमध्ये डोकावले तर पुसट झालेल्या रांगोळीवर दुसरीच्या तिघी आणि तिसरीतला तो, उलट्या पटावर आकडे बदलून बदलून चालत होते. ज्यांनी ओळ बिघडते असे आकडे एका रबरबँडमध्ये, ज्यांनी लागते ते दुसऱ्यात. चारच वेगवेगळे आकडे असतील तर उभं राहायचे प्रकार २४. सगळे तपासून होतील असे आहेत, आणि तेवढी चिकाटी त्यांच्यात दिसतेय.

रांगोळी रोज पुसली जाते म्हणून सरांनी ऑइलपेंटचा डबा आणायचं कबूल केलंय. चौघांचा पट शेडमध्ये कायमचा रंगवायचा. सहांचा, पाच टप्प्यांचा पट मात्र शेडमध्ये मावत नाही, त्याला मैदान लागेल आणि मैदानाला पाऊस थांबायला लागेल. पत्रिका संपत आल्यात. तुळशीचं लग्न होईपर्यंत नव्या येणार नाहीत. तोवर औषधाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापायचे.